अर्धा आटा

लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की आमच्या घरात ती बरणी माझ्याकडे येते. ही प्रथा लग्नापासूनची आहे. मी बरणी पोटाशी धरतो, दात-ओठ खातो, चेहरा लालबुंद करतो आणि झाकण उलट्या दिशेने आणखी घट्ट करून परत देतो. मग सौ. ते झाकण गरम पाण्याखाली धरते, लाटण्याने कडेकडेने हलकेच ठोकते आणि दोन बोटांनी उघडते. "मीच ढिलं करून दिलं होतं," असं मी म्हणतो. हे वाक्यही लग्नापासूनचंच आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की अडकलेल्या वस्तू सोडवण्याच्या शास्त्रात माझा अधिकार किती, हे वाचकांना आधी कळलेलं बरं. कारण आता मी मोटारीच्या जाम झालेल्या ब्रेकबद्दल बोलणार आहे, आणि ओघात माणसाच्या रागालोभाबद्दलही चार शब्द बोलेन म्हणतो. तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला निदान बरणी तरी उघडता यावी, अशी अट आपल्या परंपरेत कुठे नाही.

तर आमच्या वडिलांची एक व्हॅन होती. मारुतीची. ही गाडी १९८४ साली पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा तिचं नाव नुसतं 'व्हॅन' होतं. पुढे १९८८ साली कंपनीने तिचं 'ओम्नी' असं बारसं केलं. पण बारशाचं नाव आणि हाकेचं नाव यांचा आपल्याकडे कधी फारसा संबंध नसतो, तसा तो इथेही राहिला नाही. गल्लीतले लोक तिला व्हॅनच म्हणत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन थेट पुढच्या सीटखाली. त्यामुळे चालवणाऱ्याला बसल्या जागी शेक मिळे. वडिलांची कंबर धरलेली असायची. "डॉक्टर शेकाचे वेगळे पैसे घेतो, इथे पेट्रोलात भागतं," असं ते म्हणत.

वडिलांना सगळे तात्या म्हणत. उभी नोकरी रेल्वेत झाली. २००१ साली निवृत्त झाले आणि साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बांधलेल्या घरी राहायला आले. मग त्यांनी ही १९९६ सालची व्हॅन सेकंडहँड घेतली. आयुष्यभर रुळावरून चालणाऱ्या गाड्यांशी संबंध आलेला, त्यामुळे गाडी डावी-उजवीकडेही वळू शकते याचं त्यांना फार दिवस कौतुक होतं. गाडीचे त्यांचे नियम मात्र रेल्वेच्या नियमपुस्तकासारखे. त्यातला पहिला नियम : पावसाळ्यात उभ्या गाडीला हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकाखाली दगड लावायचा. दगडही ठरलेला. आजीच्या जात्याची तळी कधीकाळी फुटली होती, तिचा एक पाचरीसारखा तुकडा. तो कायम मागच्या सीटखाली असे. पाहुण्यांना आम्ही स्टेपनी न दाखवता दगड दाखवत असू.

तात्या २०१८ साली गेले. वर्षश्राद्ध २०१९ च्या मे महिन्यात झालं, आणि त्याच दुपारी आम्हा दोघा भावांचं भांडण झालं.

भांडण व्हॅनवरून झालं असं म्हणायची पद्धत आहे. धाकटा साताऱ्यातच, तात्यांच्या घरात राहतो, मी पुण्यात. धाकटा म्हणाला, "दादा, गाडी काढून टाकू. कुणी चालवत नाही. अंगण अडतंय." मी म्हणालो, "तात्यांची आठवण आहे." तो म्हणाला, "मग आठवण पुण्याला घेऊन जा की." मी म्हणालो, "पुण्याला जागा असती तर तुला विचारलं नसतं." तो म्हणाला, "म्हणजे आठवण तुझी आणि अंगण माझं, असंच ना?" त्या 'माझं' या शब्दावरून मी उठलो. मग अंगणावरून घर निघालं, घरावरून तात्यांचं आजारपण निघालं, रात्री उशाशी कोण बसलं आणि पैसे कुणी पाठवले ते निघालं. शेवटी १९७९ साली फुटलेली एक पाटीसुद्धा निघाली. वर्षश्राद्धाचं जेवण अंगावर आलेलं असताना माणसाने बोलूच नये, असा एक नियम कुठल्या तरी स्मृतीत हवा होता.

संध्याकाळी मी पुण्याला परत आलो. व्हॅन दारासमोरून निघून अंगणाच्या कोपऱ्यात आंब्याखाली उभी राहिली. हँडब्रेक ओढला गेला. किल्ली चुकून माझ्या खिशात आली.

शेवटच्या तीन वाक्यांकडे मी पुढे येणार आहे. तूर्त मराठी व्याकरणाचे आभार मानतो आणि पुढे जातो.

त्यानंतर त्या गाडीवरून चार पावसाळे गेले. योगायोग असा, की कंपनीनेही २०१९ सालीच ही गाडी बनवणं थांबवलं. २०२० साली तर कुणीच कुठे जात-येत नव्हतं, त्यामुळे आमच्या अबोल्याला एक वर्ष सरकारी संरक्षण मिळालं. दिवाळीला भावजयीचा सौ.ला फोन येई, सौ.चा तिला जाई. आम्ही दोघं आपापल्या खोलीत पेपर वाचत, कान टवकारून बसत असू. मी मोठा, मान माझा, तेव्हा फोन त्याने करायला हवा, हे माझं मत. आपण लहान, लाड आपले, तेव्हा फोन दादाने करायला हवा, हे त्याचं. दोन्ही मतं परंपरेला धरून होती. परंपरेला धरून असलेली दोन मतं समोरासमोर आली की पन्नास वर्षं सहज निघतात.

मग २०२२ च्या नोव्हेंबरात भावजयीचा फोन आला आणि तिने तो मुद्दाम माझ्या हातात द्यायला लावला. "भाऊजी, मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका येतेच आहे. पण मांडव अंगणात घालायचाय आणि व्हॅन मध्ये येतेय. किल्ली तुमच्याकडे आहे." मागून धाकट्याचा आवाज ऐकू आला, "विचार, येणारेत की कुरिअरने पाठवणारेत?" साडेतीन वर्षांत त्याने माझ्यासंबंधी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मला ते बरं वाटलं हे मी कुणाला सांगितलं नाही.

किल्ली घेऊन गेलो. पुतणीने दारातच वाकून नमस्कार केला. धाकटा म्हणाला, "चहा घेतलास?" मी म्हणालो, "घेतो." शिष्टाचार संपला.

गाडीची दशा काय वर्णावी! टायर बसलेले, वायपरमध्ये आंब्याची पानं कुजलेली, आरशाच्या मागे कुंभारमाशीचं घर. बॅटरी मेलेली होती हे सांगायला नको. पण आम्हाला ती चालवायची नव्हती, नुसती वीस फूट ढकलायची होती. टायरात हवा भरली, स्टिअरिंग सोडवलं, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेकची दांडी खाली केली. दांडी इतकी सहज खाली आली की मला संशय यायला हवा होता. गल्लीतली सहा पोरं मागे लागली. 'गणपतिबाप्पा मोरया' झालं. पुढची चाकं फिरली; मागची दोन्ही जागची हलेनात. ती तशीच घसरत गेली आणि अंगणात नांगरटीसारखे दोन चर पडले. एक पोरगा म्हणाला, "काका, हरभरा पेरायचा का?"

मेस्त्री आले. उतारवयाचे गृहस्थ, तात्यांच्या वेळेपासूनचे. त्यांनी दांडी दोनदा वरखाली केली, गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "दांडी खाली आली, पण निरोप तिकडं पोचला न्हाई. केबल आतल्या आत गंजलीया." मग उठून हात पुसत विचारलं, "पावसाळ्याच्या तोंडावर हँडब्रेक कुणी वढला? तात्या तर कधी वढत नव्हते."

मी म्हणालो, "ओढला गेला असेल."

आपल्या भाषेत ही एक मोठी सोय आहे. आपल्याकडे कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते, चार लोकांत शब्द लागतो. कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. धाकटा आंब्याला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मला १९७९ सालची पाटी आठवली. तीही 'फुटली' होती.

चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले करून घेतले, मग पुढच्या चाकांना दगड लावले, मग मागून जॅक लावला. जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही म्हणून मेस्त्रींनी ठोकळा मागितला. तात्यांनी लिलावातून आणलेला रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर परसात होता, तो कापून ठेवला होता तसाच कामी आला. चाक निघालं आणि आतला ड्रम दिसला : उपडं घातलेलं बिडाचं पातेलं, गंजून चिंचेच्या रंगाचं झालेलं.

वाहनशास्त्र ज्यांना येतं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा. त्या पातेल्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. त्यांच्या पाठीला लायनरचं जाड कातडं चिकटवलेलं असतं. ब्रेक दाबला की ते दोघं बाहेर फाकतात आणि फिरत्या पातेल्याला आतून घासून धरतात. पाय काढला की मधली स्प्रिंग त्यांना परत जवळ ओढते. १९०२ साली लुई रेनॉ नावाच्या फ्रेंच माणसाने हे डोकं लढवलं असं म्हणतात. आता हँडब्रेक ओढून गाडी पावसात ठेवली तर शू आणि ड्रम महिनोन् महिने एकमेकांना टेकून राहतात. मधल्या ओलीने गंज चढतो. गंजाची खोड अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. म्हणजे तो नुसता चिकटवत नाही, फुगून आणखी आवळतो. शिवाय वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत एक खोलगट पट्टा पडलेला असतो आणि त्याच्या कडेला ओठ उरतो. शू त्या खोलगटात बसलेले, बाहेर ओठ. तुम्ही बाहेरून जितकं ओढाल तितके ते ओठाला अडकणार.

हे मला नंतर कळलं. त्याआधी मी हातोडा उचलला होता.

बरणीचा अनुभव गाठीशी होताच. धाकटा बघत होता, पुतणी बघत होती, गल्लीतली सहा पोरं बघत होती. मी ड्रमच्या कडेवर एक सणसणीत घाव घातला. मेस्त्री जवळजवळ अंगावर आले. "साहेब! बीड हाय ते! कडंवर घाव बसला का तडकतंय. मग ना ड्रम, ना शू." त्यांनी माझ्या हातातून हातोडा असा काढून घेतला, जसा आपण लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेतो. मग गाडीखाली जाऊन त्यांनी हँडब्रेकची केबल सरळ कापून टाकली. "वढायच्या आधी सोडायला नको का?" म्हणाले. मधल्या भागाभोवती, चाकाच्या बोल्टांच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं. लायनर बदलावे लागणारच होते, त्यामुळे तेल आत गेलं तरी हरकत नव्हती. आणि म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या. रातभर मुरू द्या."

त्यांनी 'मुरू द्या' हा शब्द वापरला. सौ. माझ्याकडे बघून हसली.

रात्री मी तात्यांच्या खोलीत झोपलो, म्हणजे जागा राहिलो. त्या खोलीत तात्यांनी आम्हा दोघांना एक कोडं घातलं होतं : रेल्वेचा ब्रेक आणि मोटारीचा ब्रेक यांत फरक काय? आम्ही आकार, वजन, किंमत वगैरे सांगितलं. तात्या म्हणाले, "मोटारीला ब्रेक लावावा लागतो. रेल्वेचा लागलेलाच असतो. तो सोडून धरावा लागतो."

मग त्यांनी वेस्टिंगहाउसची गोष्ट सांगितली होती. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकनाने १८६९ साली हवेच्या ब्रेकचं पहिलं पेटंट घेतलं, तेव्हा त्याची युक्ती सरळ होती. नळीत हवा भरा, ब्रेक लागेल. पण मधेच नळी तुटली, डबे सुटून मागे राहिले, तर त्यांना ब्रेकच नाही. तेव्हा १८७२ साली त्याने सगळं उलटं केलं. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, हवा गेली की लागलेला. आपल्याकडे पुष्कळ वर्षं हवेऐवजी पोकळीचे, म्हणजे व्हॅक्यूमचे ब्रेक होते, पण न्याय तोच. साखळी ओढणारा माणूस ब्रेक लावत नाही. ब्रेक सोडून धरणारी शक्ती तो जाऊ देतो. म्हणजे धावणारी रेल्वे ही क्षणोक्षणी कुणीतरी आवरून धरलेली थांबण्याची इच्छा असते. (हे शेवटचं वाक्य माझं. तात्या असं बोलत नसत. ते म्हणाले होते, "कळलं? झोपा.")

आता माझ्यापुढचा प्रश्न असा : माणूस मोटारीच्या जातीचा की रेल्वेच्या?

लहानपणी आम्ही भांडायचो ते मोटारीसारखं. दुपारी रक्त निघेपर्यंत मारामारी, संध्याकाळी एका ताटात पोहे. स्प्रिंग आपोआप ओढून घ्यायची. राग धरून ठेवायचा म्हटलं तर आठवण ठेवावी लागे आणि ती राहत नसे. पण मोठेपणी तसं होतं का? मला वाटू लागलं, मोठेपणी आपली जात बदलते. चिकटून राहणं, जाम होणं हेच मूळ. त्याविरुद्ध कुणीतरी सतत हवा भरत राहावी लागते. सणाला बोलवायचं, आंबे पाठवायचे, "त्याला फोन कर रे" म्हणून चारदा सांगायचं. आमच्याकडे हे काम तात्यांचं होतं. ते गेले, नळीतली हवा गेली आणि ब्रेक लागला. दोष कुणाचाच नाही.

हा सिद्धान्त मला रात्री दोन वाजता इतका आवडला की मी उठून पाणी प्यालो. दोष कुणाचाच नाही! पाणी पिताना लक्षात आलं : ब्रेक 'लागला'. पुन्हा तीच सोय.

कारण हँडब्रेक मी ओढला होता. आता सांगूनच टाकतो. भांडणानंतर मी तावातावाने व्हॅनमध्ये बसलो, ती कोपऱ्यात नेली, दगड मागच्या सीटखाली हाताशी होता, पावसाळा महिन्यावर होता, तात्यांचा नियम पाठ होता, आणि मी ती दांडी करकर करकर करत शेवटच्या दात्यापर्यंत ओढली. का? तर गाडी इथून हलता कामा नये म्हणून. किल्लीही चुकून आली नव्हती.

आणि या हँडब्रेकच्या दात्यांचा मला त्या रात्री फार विचार करावासा वाटला. राग धरून ठेवणाऱ्याचे हात दुखतात, जळता निखारा धरल्यासारखं असतं, असं काय काय आपण ऐकलेलं असतं. माझा अनुभव तसा नाही. मला साडेतीन वर्षांत एक दिवसही कष्ट पडले नाहीत. मी जेवलो, झोपलो, नाटकं पाहिली. दांडीला दाते असतात ते त्याचसाठी. तुम्ही एकदाच ओढायचं आणि निघून जायचं. पुढे दाते तुमच्या वतीने ओढून धरतात. ओढणाऱ्याचा हात कधीच दुखत नाही. त्रास सगळा तिकडे, चाकाशी, ओलीत, आपण जिथे नसतो तिथे. मग चार पावसाळ्यांनी आपण येतो, दांडी सहज खाली करतो आणि म्हणतो, "मी तर केव्हाच सोडलाय."

मोटार की रेल्वे हा प्रश्न त्यानंतर मला फारसा महत्त्वाचा वाटेनासा झाला. झोप मात्र लागली नाही.

सकाळी मेस्त्री आले. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छोटी भोकं असतात. मारुतीच्या ड्रमला ती मुद्दाम ठेवलेली असतात, मला आयुष्यात प्रथमच दिसली. त्यांत आठ मिलीमीटरचे दोन बोल्ट पिळायचे. ते आत जाऊन मागच्या लोखंडावर टेकतात आणि मग पिळाल तसतसा ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. त्यांनी भोकांतला गंज साफ केला, बोल्टांना तेल लावलं, हाताने पिळून टेकवले. मग मला म्हणाले, "साहेब, तुम्ही हिकडं बसा." धाकट्याला म्हणाले, "तुम्ही तिकडं." दोघांच्या हातात एकेक पाना दिला. "मी मधी ठोकतो. तुम्ही अर्धा आटा फिरवायचा, थांबायचं. मग त्यांनी अर्धा. एकट्यानं फुडं जायचं न्हाई. एक बाजू फुडं गेली का ड्रम तिरका होतो, मग तो देवाच्या बापाला निघत न्हाई."

आम्ही चाकाशी समोरासमोर उकिडवे बसलो. दोघांचे गुडघे एकदमच वाजले.

मी अर्धा आटा फिरवला. थांबलो. मेस्त्रींनी बोल्टांच्या मधल्या जागेत, कड सांभाळून, दोनदा ठोकलं. धाकट्याने अर्धा फिरवला.

"झाला?"

"झाला."

मी अर्धा. ठोक, ठोक. तो अर्धा.

"झाला?"

"हं."

साडेतीन वर्षांतला आमचा हा सर्वांत लांब संवाद होता. चौथ्या-पाचव्या खेपेला माझ्या बाजूचा बोल्ट जड लागू लागला. मला वाटलं, आणखी जरा जोर लावला तर निघेल. मी पाऊण फिरवला. धाकटा खाली बघूनच म्हणाला, "दादा, अर्धा." मी म्हणालो, "अर्धाच फिरवलाय." मेस्त्री म्हणाले, "पाऊण झाला साहेब, मागं घ्या." मी मागे घेतला. धाकट्याने त्याचा फिरवला. कुणी जिंकल्यासारखं हसलं नाही, याची मी आजही नोंद करून ठेवतो.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. चहा दोनदा आला. अकराच्या सुमारास आतून 'टक्' असा आवाज आला, लाकडी पेटीची कडी उघडावी तसा, आणि ड्रम बोटभर बाहेर आला. मेस्त्रींनी तो दोन्ही हातांनी हलवत हलवत काढला. आत बघितलं तर एका शूचं लायनर शूवर नव्हतंच. ते ड्रमलाच चिकटून बाहेर आलं होतं. "ह्यानं पकड सोडली न्हाई," मेस्त्री म्हणाले, "कातडं सोडलं."

मेस्त्री आतली धूळ फुंकायला तोंड पुढे करणार तोच पुतणी ओरडली, "काका, फुंकू नका!" ती रसायनशास्त्र शिकलेली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभर निघत नाही, असं तिने सांगितलं. मेस्त्रींनी आयुष्यभरात फुंकलेल्या ड्रमांचा मनाशी हिशेब केला असावा, कारण ते जरा वेळ गप्प झाले. मग सगळं पाण्याने ओलं करून ओल्या फडक्याने पुसलं. शेवटी त्यांनी स्प्रिंग काढून बोटावर ताणून बघितली. चार वर्षं ताणलेली स्प्रिंग. "हाय अजून जीव," म्हणाले. डावीकडची पुढे निघाली ती मात्र गेली होती. बदलावी लागली.

डावं चाक मेस्त्री दुपारनंतर करणार होते. त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं. आम्ही दोघांनीच केलं. ठोकायचं काम पुतणीने केलं, कारण माझ्या हातात हातोडा द्यायचा नाही यावर घरात एकमत होतं. आम्ही बोललोही. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बरंचसं पान्याबद्दलच होतं. बारा नंबरचा पाना कंपनीच्या बोल्टला बसतो, बाजारच्या बोल्टला तेरा लागतो, यावर धाकट्याचं आणि माझं चक्क एकमत झालं. मधेच तो म्हणाला, "हँडब्रेक तू ओढला होतास." मी म्हणालो, "हो. मी ओढला." तो म्हणाला, "मला माहीत होतं. खिडकीतून आवाज आला होता." आणि मग, "मी बाहेर येऊन सोडवू शकलो असतो. गाडीला कुलूप नव्हतं." त्याने अर्धा आटा फिरवला. मी अर्धा.

संध्याकाळी व्हॅन ढकलली. या वेळी सहा पोरं लागली नाहीत, तिघांत काम झालं. ती आंब्याखालून निघाली, चरांवरून हेलकावत कुंपणाशी गेली. आत मी बसलो होतो. तिथे जरासा उतार आहे. ती थांबवली आणि सवयीने माझा हात दांडीवर गेला. दांडी वर आली, रिकामीच, करकरलीही नीट नाही.

"दादा, ते राहू दे," धाकटा बाहेरून म्हणाला. "तिकडे काही जोडलेलं नाहीये." मागच्या सीटखाली हात घालून त्याने जात्याचा तुकडा काढला, चाकाखाली ठेवला, पायाने दोनदा ठोकून बसवला आणि म्हणाला, "गिअरात टाक."

गाडी विकायची की ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही.